डोंगरातल्या वाड्यांसाठी फोनवरचा शेतीसल्ला: सुरुवात कुठून करायची, काय पाठवायचं, काय नाही

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लागवड, जोरात चालू असते, आणि नेमके त्याच दिवसांत वाडीतले निम्मे फोन बंद असतात. लाईट तीन दिवस गेलेली, टॉवरची बॅटरी उतरलेली, आणि माणसं सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, मग फोन कुठे ठेवणार, घरीच ठेवतात. शेतीसल्ल्याची बहुतेक ॲप बनवताना हे चित्र कुणाच्या डोळ्यासमोर नसतं, म्हणून ती डोंगरात चालत नाहीत.

मी अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे राजूरच्या वरच्या अंगाला, एका शेतकरी गटाबरोबर तीन खरीप हे काम केलं. भात, नागली (नाचणी), वरई, थोडी खुरासणी (तेलबियांचं पीक), आणि घरटी जमीन म्हणाल तर वीस गुंठ्यांपासून दोन-अडीच एकरापर्यंत, तीही चार ठिकाणी तुकड्यांत. खाली लिहिलंय ते या कामातून जमलेलं आहे. तुम्ही जुन्नर-आंबेगावात असा, इगतपुरी-त्र्यंबकला असा, जव्हार-मोखाड्यात, वेल्ह्यात किंवा राधानगरीत, नावं बदलतील पण पायऱ्या साधारण ह्याच राहतील. गावातला शिकलेला पोरगा-पोरगी, कृषी सखी, शेतकरी कंपनीचा माणूस, संस्थेचा कार्यकर्ता, कुणीही हे करू शकतं. कृषी पदवी असली तर चांगलंच, पण नसली तरी अडत नाही, फक्त आपल्याला काय माहीत नाही ते माहीत पाहिजे.

पहिली पायरी: फोन कुठे वाजतो ते आधी बघा

ॲप, ग्रुप, मेसेज हे सगळं नंतर. आधी एक वही घ्या आणि वाडी-वाडी फिरा. हे फिरणं नुसतं उन्हाळ्यात करून थांबू नका, जुलैमध्ये परत करा, कारण उन्हाळ्यात ज्या ओट्यावर दोन काड्या रेंज येते तिथे पावसात काहीच येत नाही. आमच्याकडे एका वाडीत रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर, दुसऱ्या वाडीत फक्त शाळेच्या पायरीवर, आणि एका ठिकाणी एका विशिष्ट कंपनीचंच सिम चालतं, बाकी सगळी सिमं मुकी. ही माहिती गावातल्या पोरांना तोंडपाठ असते, विचारलं की पाच मिनिटांत सांगतात.

वहीत प्रत्येक घराचं एवढं लिहा: फोन बटणाचा की टचवाला, नंबर कुणाच्या नावावर यापेक्षा फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो, रिचार्ज बारमाही असतो का फक्त सणासुदीला, फोन कुठे आणि कधी लागतो, आणि घरात वाचणारं कोण आहे. हा खिशाचा प्रश्न फार महत्त्वाचा. रोप टाकणं, आवणी, बेणणी (तण काढणं) ही कामं मुख्यतः बायका करतात, बियाणं जपणं तर जवळजवळ पूर्ण त्यांच्याकडे, पण फोन नवऱ्याकडे किंवा कॉलेजला जाणाऱ्या पोराकडे, आणि तो पोरगा संगमनेरला किंवा नाशिकला. मग तुमचा "रोप १२ दिवसांचं झालं असेल तर" असा मेसेज पोचतो कुणाला, तर नाशिकला कंपनीत कामाला गेलेल्या पोराला. पहिल्या वर्षी आमच्या यादीतले बरेच नंबर असेच निघाले, आणि हे आम्हाला कळलं कधी, तर आवणी संपल्यावर. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही बचत गटाच्या मीटिंगमध्ये बसून यादी परत केली, प्रत्येक बाईला विचारलं की ताई तुम्हाला निरोप कुणाच्या फोनवर मिळेल, आणि किती वाजता. उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच आलं: संध्याकाळी साडेसात ते साडेआठ, जेवणाच्या आधी, सगळे घरात असतात तेव्हा. तीच आमची वेळ ठरली.

नंबर घेताना परवानगी पण घ्या. नुसतं तोंडी चालेल, पण स्पष्ट सांगा की हा नंबर कशासाठी घेतोय आणि कुणाला देणार नाही, आणि मग खरंच कुणाला देऊ नका, खतवाल्या दुकानदाराला तर अजिबात नाही.

दुसरी पायरी: पाऊस कुणाचा खरा धरायचा

इथे जरा थांबून लिहितो, कारण डोंगरातला सगळा सल्ला पावसावर उभा आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आमचा जिल्हा अहिल्यानगर. जिल्हा म्हटला की कुणालाही दुष्काळी भाग आठवतो, जामखेड, कर्जत, पारनेर, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडी, जिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस सहज जातो. अगदी अकोले तालुक्यातल्या तालुक्यात बघा, घाटघरला छत्री उघडी राहात नाही आणि अकोले शहराकडे आलं की रस्ता कोरडा. तर जिल्ह्याचा अंदाज "हलका ते मध्यम पाऊस" असा येतो तेव्हा तो आमच्यासाठी काय कामाचा? सल्ला पण तसाच, कापूस, सोयाबीन, बाजरी, ऊस आधी, आणि भात-नागली शेवटी दोन ओळीत आली तर आली.

मग करायचं काय, तर तीन गोष्टी एकत्र बघायच्या.

एक, मेघदूत ॲप. हवामान खातं, पुण्याची आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आणि आयसीएआर, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषद, यांनी मिळून २०१९ मध्ये आणलं, मराठीत आहे, पुढच्या पाच दिवसांचा पाऊस-तापमान-वारा-आर्द्रता दाखवतं आणि शेतीसल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवीन येतो. म्हणून आमचे निरोपाचे वार पण मंगळवार-शुक्रवार. सल्ला विद्यापीठांच्या हवामान केंद्रांकडून येतो, आणि त्यात तुमच्यासारखी जमीन-पाऊस असलेलं केंद्र शोधा. आम्ही आमच्या जिल्ह्याच्या सल्ल्याबरोबर इगतपुरीचं पण बघतो, कारण इगतपुरीचा भात आमच्या भातासारखा आहे, जिल्हा वेगळा असला तरी.

दोन, घाटमाथ्याचा वेगळा इशारा. हवामान खातं पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांच्या घाट भागासाठी वेगळा इशारा देतं. आम्ही नाशिक आणि पुणे या दोन घाटांच्या मधे आहोत, म्हणून दोन्ही बघतो, आणि दोन्हीकडे ऑरेंज असेल तर आपल्याकडे ऑरेंज धरून चालतो. आकडे पण माहीत असू द्या: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार, आणि त्याच्या वर अत्यंत जोरदार. पण निरोपात हे आकडे बोलू नका, "बांध फुटेल असा पाऊस" असं बोला, बरोबर कळतं.

तीन, आपलं स्वतःचं मोजमाप. राज्यातल्या महावेध प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळनिहाय आहेत आणि त्यांचे पावसाचे आकडे बघायला मिळतात, पण मंडळाचं केंद्र आणि तुमची वाडी यांच्यात एक डोंगर आडवा असला तर दोन्हीकडचा पाऊस वेगळा. प्रत्येक वाडीत एक साधं पर्जन्यमापक ठेवा, विकतचं नाही मिळालं तर सरळ भिंतीचा, तळ सपाट असलेला डबा उघड्यावर, झाडा-छपरापासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं. मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरच, गणित काही नाही. आमच्याकडे हे काम आठवी-नववीतल्या पोरींनी घेतलं आणि त्यांच्या वह्या इतक्या नीट आहेत की मला त्याचं फार कौतुक वाटतं. दोन हंगामांनंतर कळायला लागतं की घाटाचा इशारा पिवळा असला की आपल्या वाडीत साधारण किती पडतो. कुठल्याही ॲपमध्ये न मिळणारी माहिती आहे ही.

विजेसाठी दामिनी ॲप वेगळं ठेवा, ते पण आयआयटीएमचं, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये ह्याची खरी गरज, गुराख्यांना तर फारच. पण ॲप चालायला नेट पाहिजे, म्हणून रेंजमध्ये राहणाऱ्या दोन माणसांनी ते बघायचं आणि बाकीच्यांना फोन करायचा, अशी वाटणी करा.

आणि एक गोष्ट, अंदाज चुकतो. चुकला की पुढच्या निरोपात पहिलं वाक्य तेच: "शुक्रवारी आम्ही जोराचा पाऊस सांगितला होता, तो आला नाही." एवढं बोललं की विश्वास वाढतो, लपवलं की लोक ऐकणं बंद करतात, आणि एकदा बंद केलं की परत चालू होत नाही.

तिसरी पायरी: वाडीचं पीक-कॅलेंडर, वाडीच्या शब्दांत

छापील सल्ला म्हणतो "पुनर्लागवडीनंतर ३० दिवसांनी". आमच्याकडे कुणी पुनर्लागवड म्हणत नाही, आवणी म्हणतात. कोकणात लावणी म्हणतील. नाचणीला आमच्याकडे नागली, कापणीला सोंगणी, मळणीला झोडणी. रोप टाकायच्या आधी राब भाजतात, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा-शेण जाळतात. निरोप ज्या शब्दात आला त्यावरून लोक ठरवतात की हा आपला माणूस बोलतोय का सरकारी भोंगा. म्हणून आधी म्हाताऱ्या माणसांबरोबर बसा आणि राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत प्रत्येक कामाचा त्यांचा शब्द आणि त्यांचा महिना लिहून घ्या.

दुसरं, वाण. सल्ला एका सरासरी भातासाठी असतो, पण वाडीत एका बांधाला हळवं (लवकर येणारं) आणि दुसऱ्या बांधाला गरवं (उशिरा येणारं) भात असतं, कुणाचं इंद्रायणी, कुणाचं आंबेमोहर, कुणाचं काळभात नाहीतर जिरवेल. एकाच तारखेला एकाचं पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आणि दुसऱ्याचं अजून फुटव्यात. आमच्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला, त्यांचं गावठी बियाणं जपायचं काम सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या बियाण्यांचे गुण, किती दिवसांत येतं, पाण्यात तग धरतं का, ही माहिती अजून बायकांच्या डोक्यातच आहे. ती लिहून घ्या. म्हणून निरोपात तारीख किंवा दिवस सांगण्याऐवजी पिकाची अवस्था सांगा: "ज्यांचं भात पोटरीला आलंय त्यांनीच हे ऐका, बाकीच्यांनी पुढच्या मंगळवारी."

तिसरं, माप. हेक्टरी किलो हे माप डोंगरात कामाचं नाही. गुंठ्यावर सांगा, आणि बियाणं असेल तर पायलीत, पण पायली गावागणिक वेगळी भरते म्हणून एकदा वजन करून घ्या. आणि पंप! शिफारस असते दहा लिटर पाण्याला, आणि लोकांचा पाठीवरचा पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा. दहा लिटरचं माप तसंच सांगितलं तर औषध कमी पडतं आणि मग लोक अंदाजाने दुप्पट टाकतात. नेहमी "एका पंपाला" सांगा, आणि पंप किती लिटरचा ते आधी विचारा.

चौथी पायरी: निरोप बनवणं

आवाज वापरा. लिहिलेला मेसेज नाही, आवाज. बटणाच्या फोनवर मराठी अक्षरं कधी कधी चौकोन-चौकोन दिसतात, आणि मराठी एसएमएस एका मेसेजमध्ये ७० अक्षरांचाच बसतो, इंग्रजी लिपीत १६० बसतात, त्यामुळे मराठीत दोन वाक्यं लिहिली की तीन मेसेजचा खर्च आणि ते उलटसुलट क्रमाने पोचले तर अर्थ गेला. आवाज म्हातारी पण ऐकते आणि न शिकलेली सून पण ऐकते.

एक निरोप ४५ सेकंदांचा, फार तर एक मिनिट. त्यात एकच काम. दोन कामं सांगितली की एकही होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. क्रम असा ठेवा: कोण बोलतंय, कुणासाठी आहे, पाऊस काय म्हणतोय, काय करायचं, काय करू नका, आणि अडचण आली तर कुठे मिस कॉल द्यायचा. नमुना बघा, जुलैमधला:

"राम राम. मी तुमच्या गटातून बोलतोय, आज मंगळवार. हा निरोप घाटघर, रतनवाडी, साम्रदच्या वाड्यांसाठी. उद्यापासून तीन दिवस बांधावरून पाणी वाहील असा पाऊस यायची शक्यता आहे. ज्यांची आवणी झालीय त्यांनी आत्ता युरिया फेकू नका, सगळा वाहून ओढ्यात जाईल. बांधाला खेकड्याची बिळं असतील ती आजच बुजवा. पाऊस उघडला की खताचं शुक्रवारी सांगतो. काही विचारायचं असेल तर याच नंबरला मिस कॉल द्या."

ह्यात शास्त्र सगळं आहे, पण भाषा घरची आहे. आणि "शक्यता आहे" हा शब्द सोडू नका, "पाऊस येणारच" असं कधी बोलू नका.

जूनच्या आधीचा एक निरोप मी दरवर्षी पाठवतो तो बियाण्याच्या मिठाच्या पाण्याचा, कारण खर्च जवळजवळ शून्य आणि फायदा डोळ्यांनी दिसतो: दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, बियाणं त्यात टाका, ढवळा, वर तरंगेल ते पोकळ बियाणं काढून टाका, बुडालेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा. एवढंच. हा निरोप नंतर बायका एकमेकींना सांगतात, फोनची गरजच पडत नाही.

आवणीच्या वेळी युरिया-डीएपीच्या गोळ्यांचा, म्हणजे ब्रिकेटचा, निरोप पण चांगला चालतो, कारण आमच्याकडे पाणी वाहतं आणि फेकलेलं खत राहात नाही. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध एक गोळी, हाताने चिखलात खोल दाबायची. पण ह्याला आवणी ओळीत लागते, आणि ओळीत आवणी फोनवर शिकवता येत नाही, ती खाचरात उतरूनच दाखवावी लागते. फोनवर आठवण करता येते, हात शिकवता येत नाही, हा फरक लक्षात ठेवा.

पाठवायचं कसं, तर शंभर-दीडशे घरांसाठी सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे फोनसाखळी. प्रत्येक वाडीत एक माणूस, त्याच्याकडे दहा-बारा घरं, त्याला निरोप आला की तो रेंजच्या जागी जाऊन ऐकतो आणि येताना घरोघर सांगतो किंवा फोन करतो. व्हॉट्सॲप त्याच्या जोडीला. ग्रुप केला तर सेटिंगमध्ये फक्त ॲडमिन पाठवू शकेल असं ठेवा, नाहीतर दोन दिवसांत शुभ सकाळ आणि फुलांचे फोटो, आणि तुमचा निरोप वर कुठे गेला सापडत नाही. प्रश्नांसाठी दुसरा ग्रुप करा. ब्रॉडकास्ट लिस्ट केली तर एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या भेटीत स्वतः त्यांच्या फोनमध्ये नंबर सेव्ह करून द्या. फोटो-व्हिडिओ कमी, व्हिडिओ उतरवायला तिथे रात्र जाते.

हजारभर लोकांपर्यंत जायचं असेल तर रेकॉर्ड केलेला कॉल किंवा बल्क एसएमएस, पण त्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांच्या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेवर, संस्थेची नोंदणी लागते, पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हे मार्च-एप्रिलमध्येच करून ठेवा, जूनमध्ये कागदपत्रांच्या मागे लागलात तर हंगाम गेला.

पाचवी पायरी: उलटा प्रश्न

नुसतं सांगत राहिलात तर तो रेडिओ झाला. लोकांचा प्रश्न तुमच्यापर्यंत यायला पाहिजे आणि तो फुकट यायला पाहिजे, म्हणून मिस कॉल. मिस कॉल आला की त्याच संध्याकाळी फोन करायचा, उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी, पण करायचाच.

प्रश्न घ्यायची एक पद्धत ठेवा. पीक आणि वाण कुठलं, आवणीला किती दिवस झाले, किती गुंठ्यात आहे, कुठे दिसतंय, म्हणजे कडेला, मधे का सगळीकडे, शेवटचं खत-औषध काय आणि कधी, आणि खाचरात पाणी आहे का. ह्या सहा उत्तरांत निम्मे प्रश्न सुटतात. मग फोनवरच शेतकऱ्याला बघायला सांगा. भाताचा मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) वाळलाय म्हणतो? ओढून बघा म्हणा. सहज हातात आला आणि खालचं टोक कुरतडलेलं असलं तर खोडकिडा. भात जागोजागी गोल-गोल वाळतंय म्हणतो? पानावर नका बघू, वाकून बुडाशी, पाण्याच्या जरा वर बघा, तुडतुडे तिथेच असतात. पानावर डोळ्याच्या आकाराचे, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके असतील तर करपा.

फोटो मागायचा असेल तर तीन मागा, एक लांबून सगळ्या खाचराचा, एक पूर्ण चुडाचा, एक पानाचा जवळून, मागची बाजू पण, आणि शेजारी बोट धरायला सांगा म्हणजे आकार कळतो. सकाळच्या उजेडात काढायचा, रेंजमध्ये आलं की पाठवायचा.

तुम्हाला कळलं नाही तर सरळ सांगा, विचारून सांगतो. विचारायला किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, फुकट, २००४ पासून चालू, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात. फोन लावायच्या आधी वरची सहा उत्तरं हाताशी ठेवा, नाहीतर पलीकडचा माणूस तेच विचारणार आणि तुम्ही परत शेतकऱ्याला फोन करणार. रिलायन्स फाउंडेशनची पण टोल फ्री हेल्पलाइन आहे, १८००-४१९-८८००. वॉटर (WOTR) या पाणलोटात काम करणाऱ्या संस्थेचं फार्मप्रिसाइज ॲप आहे, राज्य सरकारचं महाविस्तार ॲप २०२५ मध्ये आलं, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात. ही ॲप तुमच्या फोनमध्ये ठेवा, शेतकऱ्याच्या फोनमध्ये टाकायची घाई करू नका. मशीनने दिलेलं उत्तर, विशेषतः औषधाचं, कृषी सहायकाला किंवा विद्यापीठाच्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नका. मशीनला माहीत नसतं की तुमचं खाचर उतारावर आहे आणि खाली वाडीची प्यायच्या पाण्याची विहीर आहे.

हे विहिरीचं मी मुद्दाम लिहितोय. डोंगरात वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात, आणि ओढ्याच्या कडेला झरा. शिवाय भाताच्या खाचरात लोक खेकडे-मासे धरतात आणि खातात. म्हणून औषधाच्या बाबतीत आमचे नियम कडक आहेत: फोटो किंवा प्रत्यक्ष बघितल्याशिवाय औषधाचं नाव नाही. थोडा किडा दिसला म्हणून फवारणी नाही, खोडकिड्याला साधारण शंभरात पाच पोंगे वाळलेले दिसले तर पुढचा विचार. आवणीच्या वेळी रोपाचे शेंडे खुडून टाकले तर खोडकिड्याची अंडी तिथेच जातात, हे आधी. आणि औषध सांगायचंच झालं तर डब्यावर त्या पिकाचं नाव आहे का, त्रिकोण कुठल्या रंगाचा, लाल असला तर सगळ्यात विषारी, आणि पाऊस किती तास नसेल, हे सगळं सांगूनच.

सहावी पायरी: बाजार, आणि शेतीबाहेरचे निरोप

भावाचा निरोप जपून द्या. २००७ मध्ये महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाइट नावाची एसएमएस सेवा चालू झाली होती, भाव आणि हवामान फोनवर पाठवायची. पण बाजारभाव कांदा-टोमॅटोवाल्याला उपयोगी, ज्याच्याकडे माल आहे आणि जायला दोन-तीन मार्केट आहेत. आमच्या शेतकऱ्याकडे विकायला दोन पोती भात, आणि गाडीभाडं परवडत नाही. त्याला कुठल्या मार्केटला किती भाव यापेक्षा हे पाहिजे: आदिवासी विकास महामंडळाचं खरेदी केंद्र चालू झालं का, कागद काय लागतात, आणि हमीभाव काय. २०२५-२६ चा हमीभाव साध्या भाताला २,३६९ आणि नागलीला ४,८८६ रुपये क्विंटल आहे. हा आकडा नुसता माहीत असला तरी दारात आलेल्या व्यापाऱ्याशी बोलताना आवाज बदलतो, हे मी स्वतः बघितलंय. उन्हाळ्यात बाळहिरड्याचं, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांचं, पण तसंच, वाळवलेला किती आणि ओला किती, हे शेजारच्या दोन गावांत काय चाललंय ते फोन करून विचारा आणि तेवढंच सांगा.

पीक विम्याचे नियम दर हंगामाला बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा निरोप परत पाठवू नका. त्या हंगामाचा शासन निर्णय बघून, कृषी सहायकाला विचारून, शेवटची तारीख दोनदा सांगा. विम्याची हेल्पलाइन १४४४७.

आणि फसवणूक. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल फिरते, दाबली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात आणि खातं रिकामं. एक निरोप फक्त ह्याचा द्या, दर दोन-तीन महिन्यांनी: आम्ही कधीही फाइल पाठवत नाही, ओटीपी मागत नाही, पैसे मागत नाही. कुणाचे गेले तर लगेच १९३० ला फोन. फोनवरून सल्ला द्यायचा तर फोनवरचा धोका पण आपणच सांगायला पाहिजे, ती आपली जबाबदारी आहे असं मी मानतो.

सातवी पायरी: पोचतंय का ते तपासा

किती जणांना पाठवलं हा आकडा कामाचा नाही. दर आठवड्याला पाच घरं निवडा, दर वेळी वेगळी, त्यातली तीन तरी बाईला विचारायची, आणि दोनच प्रश्न: मंगळवारी काय सांगितलं होतं? आणि तुम्ही काय केलं? पहिल्याचं उत्तर आलं नाही तर पोचवण्यात गडबड आहे. पहिलं आलं आणि दुसऱ्याला "काही नाही" आलं तर सल्ल्यात गडबड आहे, विचारा का नाही केलं. मजूर नव्हता, दुकानात खत नव्हतं, पैसे नव्हते, का पटलंच नाही. एकदा आम्ही नागलीला दुसरा खताचा हप्ता सांगत राहिलो आणि कुणीच देत नव्हतं, शेवटी एका आजीने सांगितलं की बाबा त्या उतारावर आम्ही खत डोक्यावरून नेतो, तुम्ही एक गोण चढवून दाखवा. मी चढवली. त्यानंतर तो निरोप बंद केला आणि जवळच्या तुकड्यापुरताच ठेवला.

सुरुवात करायची असेल तर वेळापत्रक साधारण असं. मार्च-एप्रिल: घरोघर यादी, परवानगी, डीएलटी लागणार असेल तर ते, वाडीची माणसं ठरवणं. मे: शब्द आणि वाणांची वही, पायलीचं वजन, पर्जन्यमापकं, पहिला निरोप मिठाच्या पाण्याचा. जून: आठवड्यातून दोन निरोप चालू. जुलै: रेंजची यादी परत तपासणं, आणि ज्या वाडीत लाईट जाते तिथे साखळीतल्या माणसाला एक पॉवर बँक, गटाच्या पैशातून. ऑगस्ट-सप्टेंबर: रोग-किडीचे मिस कॉल सगळ्यात जास्त ह्या दिवसांत, तेव्हा संध्याकाळ मोकळी ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर: सोंगणीचे निरोप, परतीचा पाऊस दिसला की त्याच दिवशी, मंगळवार-शुक्रवारची वाट न बघता, कारण कापून खाचरात पसरलेलं भात एका रात्रीच्या पावसात उगवायला लागतं. तो एक फोन रात्री नऊला करावा लागला तरी करा.